हेड गॅस्केट खरंच उडालंय का? हेड उतरवायला देण्याआधी हे तपासा

गाडी घाटात गरम झाली, कशीबशी गॅरेजला नेली, मिस्त्रीनं बोनेट उघडून ऑइलचं झाकण फिरवलं, आतून पांढरट चिकट थर दिसला आणि लगेच निकाल, हेड गॅस्केट गेलं साहेब, हेड उतरवावं लागेल. आपण हो म्हणतो कारण आपल्याला काय कळतंय. कधी तो निकाल बरोबर असतोही, पण पुष्कळदा फॅनचा रिले गेलेला असतो, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला असतो, रेडिएटरची कॅप मेलेली असते, आणि हेड विनाकारण खाली येतं. यात गॅस्केटचा भाव त्या मानाने किरकोळ असतो, पैसे जातात उघडण्या-बसवण्याच्या मजुरीत, फेसिंगमध्ये (हेडचा तळ घासून सपाट करणं) आणि टायमिंगचं काम परत करण्यात. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी पुरावा काढा. नुसत्या गरम होण्यावरून किंवा नुसत्या पांढऱ्या थरावरून कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही, आणि पुरावा काढायला हेड उतरवावं लागत नाही.

आधी दोन मिनिटं हे गॅस्केट करतं काय ते बघू, कारण ते कळलं की पुढच्या सगळ्या टेस्ट डोक्यात आपोआप बसतात. खाली ब्लॉक म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनचा भाग, वर त्याचं झाकण म्हणजे हेड, मध्ये हे गॅस्केट. बऱ्याच आधुनिक गाड्यांत ते स्टीलच्या पातळ पत्र्यांचं थरावर थर असं असतं. त्याला एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात, सिलिंडरमधला जळणारा गॅस, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणारं पाणी, पुढे मी त्याला नुसतं पाणीही म्हणतो) रस्ते आणि ऑइलचे रस्ते. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं (स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो या सगळ्यांत आलेलं ते १.३ मल्टीजेट डिझेल इंजिन असंच), आणि ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. नेहमीच्या तापमानाला गॅस्केट हे सरकणं सांभाळून घेतं, पण एकदा गाडी जबरदस्त तापली की हेडला बाक येतो आणि तिथून पुढे गॅस्केटची दाबपकड सुटते. म्हणजे गॅस्केट सहसा आपणहून मरत नाही, त्याच्या आधी कुठंतरी पाणी कमी पडलेलं असतं किंवा फॅन बंद पडलेला असतो, आणि ते मूळ शोधलं नाही तर नवीन गॅस्केटही त्याच वाटेनं जाणार.

आता ते फुटतं कुठं यावर लक्षणं ठरतात. सिलिंडर आणि पाण्याच्या मध्ये फुटलं, जे खूपदा होतं, तर गाडी चालू असताना गॅस पाण्यात घुसतो, कारण जळताना सिलिंडरमधला दाब पन्नास बार आणि त्याहून वर जातो आणि कूलंटचा दाब जेमतेम एक बार असतो. गाडी बंद केली की उलटं होतं, सिलिंडरमध्ये दाब नसतो, गरम कूलंट मात्र अजून दाबाखाली असतं, ते हळूहळू सिलिंडरमध्ये झिरपतं, आणि म्हणूनच सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी थोडा वेळ मिसिंग मारते, सायलेन्सरमधून पांढरा लोट येतो आणि मग सगळं सुरळीत. दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मध्ये फुटलं तर पाणी कमी होत नाही, ऑइल स्वच्छ, धूर नाही, फक्त गाडी थरथरते आणि पिकअप गेलेला. ऑइल आणि पाण्याच्या मध्ये फुटलं तर चालू गाडीत ऑइलचा दाब जास्त म्हणून ऑइल पाण्यात जातं आणि बंद गाडीत पाणी ऑइलमध्ये उतरू शकतं. आणि बाहेरच्या कडेला फुटलं तर हेड आणि ब्लॉकच्या जोडावर ओल किंवा रंगीत खपली दिसते. तर "ऑइल एकदम क्लीन आहे म्हणजे गॅस्केट ओके" हे जे लोक सांगतात ते चुकीचं आहे. उलट नुसतं ऑइल खराब दिसतंय म्हणून गॅस्केट गेलं, हेही तेवढंच चुकीचं.

सुरू करायच्या आधी सुरक्षिततेचं, हे वगळू नका. गरम गाडीची रेडिएटर कॅप किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, फडकं धरूनही नाही. एक बारची कॅप असली की आतलं साधं पाणी १२० डिग्रीपर्यंत उकळत नाही, झाकण उघडलं की दाब जातो आणि तेच पाणी त्या क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. तास दीड तास थांबा, वरचा होज पाईप हाताला गार लागला की मगच हात घाला. फॅनपासून लांब राहा, काही गाड्यांत चावी काढली तरी फॅन स्वतःहून फिरतो. आणि काढलेलं कूलंट बादलीत उघडं ठेवू नका, एथिलीन ग्लायकॉल गोड असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

अजून एक. गाडी रात्रभर उभी राहिली, टाकीतलं पाणी बरंच उतरलं आणि सकाळी सेल मारल्यावर इंजिन खट्ट करून अडकलं, तर परत परत सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलं असेल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळे प्लग काढा आणि मग फिरवा.

आता पहिलं काम, बाकीच्या संशयितांना बाहेर काढायचं. कूलंट कमी होतंय पण खाली थेंब दिसत नाही एवढ्यावर लोक गॅस्केटवर येतात, पण बारीक लीक गरम इंजिनवरच वाळून जातं. टॉर्च घ्या आणि रंग शोधा, कूलंट हिरवं गुलाबी निळं जे असेल त्याची वाळलेली खपली राहते. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीचा जोड, होज पाईपच्या क्लिपा, वॉटर बॉडीच्या म्हणजे वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक (त्यातून ओघळ आला असेल तर आतलं सील गेलं), ब्लॉकच्या बाजूला ठोकलेल्या पत्र्याच्या वाट्या ज्या जुन्या गाडीत गंजतात, आणि केबिनमधला हीटर. हीटर लीक असेल तर पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं लागतं, काचेवर आतून तेलकट धुकं येतं आणि गोडसर वास येतो. एसीचं पाणी गाडीखाली गळतं ते स्वच्छ पाणी असतं, ते बघून घाबरू नका, बोटाला चिकट लागलं आणि रंग दिसला तरच ते कूलंट.

फॅन बघा. गाडी चालू करून एसी लावला की इलेक्ट्रिक फॅन असलेल्या बहुतेक गाड्यांत फॅन फिरायलाच पाहिजे, नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमानं जा. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर इंजिन तापतं पण रेडिएटरचा खालचा पाईप गारच राहतो. कॅपचं रबर कडक झालं असेल किंवा स्प्रिंग मेली असेल तर दाब धरला जात नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाटलीतून (रेडिएटरमधलं जादा कूलंट जिथं जातं ती) बाहेर पडतं, लक्षण अगदी गॅस्केटसारखं. आणि रेडिएटर. आपल्याकडे वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओततात, त्यातला क्षार आत बसतो, मग विदर्भात मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत गाडी गरम नाही होणार तर काय होणार. कूलंट नुकतंच बदललं असेल आणि त्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर एअर लॉकचा (पाण्याच्या रस्त्यात अडकलेल्या हवेचा) संशय आधी.

टेम्परेचरच्या काट्यावर फार विश्वास ठेवू नका. बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांत काटाच नसतो, निळा लाल दिवा असतो, आणि लाल पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. दुसरं म्हणजे पाणी इतकं कमी झालं की सेन्सर हवेत लटकायला लागला तर काटा उलट खाली येतो आणि माणूस समजतो की गाडी थंड झाली, तेव्हा आत इंजिन जळत असतं. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचणारा) घेऊन मोबाईलवर कूलंटचं तापमान बघत गाडी चालवा, नॉर्मल गाडी साधारण ८५ ते १०० च्या मध्ये राहते. त्याच स्कॅनरवर मिसफायरचे (सिलिंडर मिसिंग मारण्याचे) कोड दिसतात, पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा, असं. रोज सकाळी एकाच सिलिंडरचा कोड येतोय आणि प्लग-कॉईल बदलूनही येतोय तर तो सिलिंडर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता फुकटच्या टेस्ट, आणि माझ्या मते यातल्या पहिल्या दोन इतक्या चांगल्या आहेत की अर्ध्या केस तिथंच कळतात.

सकाळी गाडी पूर्ण गार असताना, काल रात्रीपासून हात न लावलेली, झाकण सावकाश उघडा. चांगल्या गाडीत रात्रभरात पाणी गार होऊन दाब शून्य झालेला असतो. फुस्स करून हवा सुटली तर गाडी गार असूनही आत दाब आहे, म्हणजे तो वाफेचा नाही, अडकलेला गॅस आहे. झाकण परत घट्ट लावा, गाडी स्टार्ट करा आणि वरचा होज पाईप दाबून बघत राहा. गॅस्केट ठीक असेल तर पाईप मऊ राहतो आणि गाडी तापेल तसा हळूहळू कडक होतो. एक दोन मिनिटात, अजून पाईप कोमटसुद्धा नाही तेवढ्यात तो दगडासारखा कडक झाला तर पाण्याच्या गरमीनं एवढा दाब येऊच शकत नाही, सिलिंडर आत हवा भरतोय.

दुसरी, बुडबुड्यांची. गाडी गार, झाकण उघडं, पाणी तोंडापर्यंत भरलेलं, स्टार्ट करा आणि बघा. सुरुवातीला एखाद दुसरा बुडबुडा येतो, नुकतं पाणी बदललं असेल तर बरेच येतात पण ते कमी कमी होत थांबतात. गॅस्केटचे बुडबुडे थांबत नाहीत, एका लयीत येत राहतात आणि रेस दिली की वाढतात, कधी पाणी उसळून बाहेर येतं म्हणून तोंड लांब ठेवा. रेडिएटरच्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा रबर बँडनं ताणून बसवला तरी चालतं, गार गाडीत तो लगेच उभा राहून थडथड उडायला लागला तर गॅस येतोय. थर्मोस्टॅट उघडायच्या आत ही टेस्ट संपवा, नंतर पाणी फुगूनही वर येतं आणि गोंधळ होतो.

इथं सीएनजीवाल्यांनी थांबा. सीएनजीचा रिड्युसर गॅसचा दाब उतरवताना गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरवलेलं असतं, आणि त्याच्या आतलं डायफ्राम किंवा सील गेलं तर सीएनजी सरळ कूलंटमध्ये घुसतो. बुडबुडे येतात, पाईप कडक होतो, पाणी बाटलीतून बाहेर फेकलं जातं, आणि गॅस्केटचा काही संबंध नसतो. म्हणून सीएनजीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून, लाईनमधला गॅस संपवून, पूर्ण पेट्रोलवर तीच टेस्ट परत करा. बुडबुडे गेले तर हेड वाचलं. रिक्षा-टॅक्सीवाल्यांना हे माहीत असतं, घरच्या गाडीवाल्यांना कुणी सांगत नाही.

एक गोष्ट लक्षात घ्या की बारीक फुटलेलं गॅस्केट घरासमोर उभ्या गाडीत काहीच दाखवत नाही. खंबाटकी किंवा आंबा घाटात भरल्या गाडीनं चढताना सिलिंडरमधला दाब खूप वाढतो तेव्हाच ते उघडतं, गॅस आत जातो, पाण्याला ढकलून बाटलीत पाठवतो, आणि सपाटीला आलं की सगळं गुपचूप. अशा गाडीत गार झाल्यावर बघितलं तर बाटली काठोकाठ आणि रेडिएटर मात्र रिकामा, हे लक्षण मी फार गंभीर मानतो (अर्थात कॅपचा परत ओढून घेणारा व्हॉल्व्ह खराब असला तरी असं होतं, म्हणून कॅप आधी बदला, स्वस्त आहे). बाकीच्या टेस्टपण आधी चांगली चढण मारून आणून मग करा.

पांढरा धूर. नाशिक, महाबळेश्वरच्या थंडीत सकाळी प्रत्येक गाडी पांढरा धूर सोडते, ती नुसती वाफ, पाच-दहा मिनिटात जाते. गाडी पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि टाकीतलं कूलंट उतरत असलं, तिन्ही एकत्र असलं तर मग खरं. डिझेलमध्ये ग्लो प्लग किंवा इंजेक्टर खराब असला तरी पांढरा धूर येतो पण तो डोळ्यात चुरचुरतो, कच्च्या डिझेलचा वास येतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, तो वेगळा विषय.

आणि आता ते ऑइलच्या झाकणाचं पांढरं प्रकरण. मुंबई-कोकणात पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटर फिरत असेल, स्टेशन ते घर, तर इंजिन कधी नीट तापतच नाही, आतली दमट हवा झाकणाला गार होऊन चिकटते आणि ऑइलमध्ये मिसळून पांढरा मलम तयार होतो. फक्त झाकणाला आहे आणि डिपस्टिकवरचं ऑइल नेहमीसारखं आहे तर पुसून टाका, हायवेला तास-दीड तास गाडी चालवून आणा आणि परत बघा, आलं नाही तर विषय संपला. डिपस्टिकवरच ऑइल टपरीवरच्या चहासारखं दुधाळ दिसत असेल आणि लेव्हल आपोआप वाढलेली असेल तर मात्र गाडी चालू करू नका, बेअरिंग जातील. शंका असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट अगदी हळूच सैल करा, पाणी ऑइलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि पाणी असेल तर पहिल्यांदा तेच येतं. किंवा ऑइलचे दोन थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका, तडतडलं तर पाणी आहे. पोळ्यांचा तवा घेऊ नका, घरात शिव्या बसतील.

उलटं, म्हणजे कूलंटच्या टाकीत ऑइलचा चिखल आणि डिपस्टिक मात्र स्वच्छ, असं असेल तर डिझेल गाडीत आधी ऑइल कूलर बघा. अनेक डिझेल गाड्यांत ऑइल फिल्टरजवळ एक छोटा कूलर असतो ज्यात एका बाजूनं ऑइल आणि दुसऱ्या बाजूनं कूलंट वाहतं, त्याचं सील गेलं की हेच होतं आणि ते काम हेड उतरवण्यापेक्षा कितीतरी छोटं आहे. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ऑइलचा कूलर रेडिएटरच्या आत असतो अशा काही गाड्या आहेत, तिथं पाण्यात गुलाबी लोण्यासारखं काही दिसलं तर संशय इंजिनवर नाही, रेडिएटरवर. तसंच डिझेलमधला ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत फिरवलेला एक्झॉस्टचा गॅस कूलंटनं थंड करणारा. तो आतून फुटला की कूलंट एक्झॉस्टच्या बाजूला जातं, पांढरा धूर, पाणी कमी, बाहेर थेंब नाही, आणि एक्झॉस्टचा गॅस उलटा पाण्यातही येऊ शकतो, म्हणजे पुढची केमिकल टेस्टसुद्धा फसते. अशा वेळी ईजीआर कूलरचे पाण्याचे दोन पाईप तात्पुरते एकमेकांना जोडून कूलरला वगळायचं आणि परत टेस्ट घ्यायची.

आता पक्क्या पुराव्याच्या टेस्ट. यातली सगळ्यात सोपी म्हणजे ब्लॉक टेस्टर. ऑनलाईन मिळतो, प्लास्टिकची नळी, रबरी फुगा आणि निळं लिक्विड. गाडी गरम करून बंद करायची, गार झाल्यावर रेडिएटरमधलं पाणी दोन-तीन इंच कमी करायचं म्हणजे कूलंट नळीत ओढलं जाणार नाही, मग गाडी चालू करून नळी तोंडावर घट्ट दाबून धरायची आणि फुग्यानं आतली हवा लिक्विडमधून दोन-तीन मिनिटं ओढायची. आत जळलेला गॅस असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निळं लिक्विड पिवळं होतं. लिक्विड जुनं नाही ना हे बघायला टेस्ट झाल्यावर थोडं लिक्विड सायलेन्सरच्या धुरावर धरा, तिथंही पिवळं होत नसेल तर ते लिक्विडच फेकून द्या. नळीत तोंडानं फुंकू नका, आपल्या श्वासातही तोच गॅस असतो. डिझेलसाठी लिक्विड वेगळं येतं, कारण डिझेलच्या धुरात आयडलला कार्बन डायऑक्साइड कमी असतो, तिथं रेस धरून किंवा चढण मारून आल्या आल्या टेस्ट घ्यावी लागते. सीएनजी रिड्युसर लीक असेल तर बुडबुडे भरपूर आणि लिक्विड निळंच, कारण तो न जळलेला गॅस आहे. म्हणून हा टेस्टर मला बुडबुड्यांपेक्षा विश्वासाचा वाटतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की पिवळं झालं तर गॅस नक्की आहे, पण निळं राहिलं म्हणजे गॅस्केट नक्की ठीक असं नाही, फूट ऑइलच्या बाजूला किंवा बाहेरच्या कडेला असेल तर लिक्विड बदलणारच नाही.

टेस्टर नसेल तर पीयूसीवाल्याला पटवा. पेट्रोल गाडीच्या पीयूसी मशीनमध्ये हायड्रोकार्बन मोजतात, त्याची नळी रेडिएटरच्या तोंडावर, पाण्याला अजिबात न लावता, वर हवेत धरली आणि आकडा चढला तर सिलिंडरमधला गॅस येतोय. पाणी ओढलं गेलं तर मशीन खराब होतं म्हणून तो आधी नाही म्हणेल, ओळखीचा असेल तर होतं काम. सीएनजी गाडीत मात्र ही टेस्ट पेट्रोलवर आणि सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद करूनच घ्या, नाहीतर लीक सीएनजीच मशीन मोजत बसेल.

प्रेशर टेस्ट बऱ्याच गॅरेजमध्ये होते. गार गाडीत कॅपच्या जागी हातपंप लावून कॅपवर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब भरायचा, ०.९ किंवा १.१ जे असेल ते, जास्त नाही, नाहीतर धडधाकट रेडिएटर फोडून ठेवाल. अर्धा तास सोडून द्या. काटा पडला आणि बाहेर कुठं थेंब नाही तर पाणी आत जातंय. मग सगळे प्लग काढा, दाब तसाच ठेवून लांब उभे राहा आणि सेल मारा, ज्या भोकातून फवारा आला तो सिलिंडर. त्याचा प्लग हातात घेऊन बघा, बाकीचे तपकिरी आणि हा एकटाच धुतल्यासारखा स्वच्छ, कारण वाफेनं तो रोज धुतला जातोय. मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा मिळतो तो प्लगच्या भोकातून सोडला तर पिस्टनचा माथासुद्धा तसाच चकचकीत दिसतो, बाकीचे काळे. तुमच्याकडे मिसफायरचा कोड असेल आणि तोच सिलिंडर निघाला तर मग अजून काय पाहिजे.

कम्प्रेशन टेस्ट सिलिंडर-सिलिंडरच्या मधल्या फुटीसाठी घ्यायलाच लागते कारण तिथं पाणी-ऑइल काहीच बोलत नाही. सगळे प्लग काढा, फ्यूल आणि इग्निशन बंद करा, बॅटरी चार्ज असू द्या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे द्या. पेट्रोल गाडीत साधारण १५० ते २०० पीएसआय येतं, डिझेलमध्ये त्याच्या दुप्पट आणि वर, त्याला गेजही वेगळं लागतं. नुसत्या आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा, सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको. समजा १८०, १७५, ९०, ९० असं आलं, शेजारचे दोन सारखेच पडलेले, तर त्या दोघांच्या मधली भिंत गेली, दुसरं काही शोधत बसू नका. एकटाच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. त्यातलं कोण हे ठरवायला लीक-डाऊन टेस्ट, पिस्टन पूर्ण वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. एअर फिल्टरकडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. हवेनं इंजिन गरकन फिरू शकतं, पुलीच्या बोल्टला पाना लावून ठेवला असेल तर आधी काढा.

सेकंडहँड गाडी घेताय तर यातलं थोडं तरी कराच. विकणारा गाडी आधीच तापवून ठेवतो, इंजिन वॉश करून खपल्या घालवतो, ताजं कूलंट भरतो. बोनेट गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणावं, गार गाडी दाखवा. तयार नसेल तर तीच गाडीची तपासणी समजा.

इतकं करूनही एक गोष्ट वरून कळत नाही, गॅस्केट फुटलंय की हेडलाच तडा गेलाय. दोन्हीचं लक्षण एकच. ते हेड उतरवल्यावर लेथवाल्याकडे, हेडचे रस्ते बंद करून गरम पाण्यात हवेच्या दाबानं तपासल्यावरच कळतं. म्हणून हेड खाली आलं की आपण तिथं हजर राहा. जुनं गॅस्केट बघायला मागा, फुटलेली जागा काळी जळलेली दिसते आणि ती तुमच्या टेस्टमधल्या सिलिंडरला जुळली पाहिजे. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज घालून बाक मोजायला सांगा, बऱ्याच छोट्या गाड्यांत ०.०५ मिमीच्या आसपासच चालतं, त्यापेक्षा जास्त असेल तर फेसिंग, पण ब्लॉकचा माथाही त्याच पट्टीनं बघितला पाहिजे, तो सगळे विसरतात. हेडचे बोल्ट एकदाच ताणायचे असतील तर नवीनच घ्या आणि टॉर्क रेंचनं, कंपनीनं दिलेल्या क्रमानं कसायचे, अंदाजपंचे नाही. रेडिएटरमध्ये टाकायचं जे स्टॉप लीक मिळतं ते बारीक फुटीला काही काळ धरतं पण हीटर आणि रेडिएटरच्या नळ्याही बुजवतं, मी तर टाकणार नाही.

काम झाल्यावर हीटर फुल गरमवर ठेवून हवा नीट काढून घ्या, ऑइल आणि फिल्टर नवीन, कॅप आणि थर्मोस्टॅट नवीन, आणि ज्या कारणानं गाडी पहिल्यांदा तापली ते बिलात वेगळं लिहिलेलं दिसलं पाहिजे, फॅन असो की रेडिएटर. मग एखादा घाट चढवून आणा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीचं झाकण उघडा. फुस्स नको, पाणी होतं तिथंच पाहिजे, आणि ब्लॉक टेस्टर घेतलाच आहे तर निळं लिक्विड निळंच राहतंय का तेही बघून घ्या.